एकाकी की बहिष्कृत?

मराठी समीक्षेत 'एकाकीपणा' हा शब्द अलीकडे फार स्वस्त झाला आहे. नायक खोलीत एकटा बसला की एकाकी, चिंतनासाठी रानात गेला तरी एकाकी आणि गावाने वाळीत टाकला तरी एकाकीच. इंग्रजीतल्या 'आयसोलेशन'ची ही छाया आहे. त्या शब्दाच्या मुळाशी लॅटिन 'इन्सुला', म्हणजे बेट. बेट वेगळे आहे एवढे दिसते. ते कोणी वेगळे केले, हा प्रश्न उद्भवतच नाही.

आपली रोजची भाषा याबाबत अधिक चोखंदळ आहे. 'एकटा' ही केवळ संख्या, 'एकाकी' ही भावना. 'एकांत' माणूस स्वतः निवडतो. तुकोबा भंडाऱ्याच्या डोंगरावर गेले ते एकांतासाठी. 'वाळीत टाकणे' यात मात्र टाकणारा कुणीतरी असावाच लागतो.

शास्त्रांनाही असा नेमकेपणा लागतो. सूक्ष्मजीवशास्त्रात जिवाणू विलग करतात तो त्याची ओळख पटवण्यासाठी. २०२० च्या साथीत 'विलगीकरण' आणि 'अलगीकरण' हे शब्द घरोघरी पोचले. पहिला आजाऱ्यासाठी, दुसरा आजाऱ्याच्या संपर्कात आलेल्यासाठी. व्यवहारात मात्र दोन्ही सर्रास एकमेकांच्या जागी वापरले गेले. वैद्यकीय विलगीकरणाला कारण असते आणि मुदतही असते. बरे होऊन परतलेल्याला शेजाऱ्यांनी टाळले, तेव्हा कारण आणि मुदत दोन्ही संपली होती. उरला तो बहिष्कार.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२७ साली सुरू केलेल्या पाक्षिकाचे नाव 'बहिष्कृत भारत' होते, 'एकाकी भारत' नव्हे. 'बहिष्कृत' हे कर्मणी रूप आहे. बाहेर काढण्याची क्रिया कोणीतरी केली आहे, हे त्या शब्दाच्या व्याकरणातच नोंदलेले आहे. पुढे सामाजिक बहिष्काराला गुन्हा ठरवणारा कायदा महाराष्ट्राला २०१६ साली करावा लागला. एकाकीपणाविरुद्ध कायदा करता येत नाही. बहिष्काराविरुद्ध करता येतो, कारण तिथे कर्ता दाखवता येतो.

म्हणून दलित आत्मकथनातील निवेदकाला 'एकाकी' किंवा 'परात्म' म्हणून मोकळे होणे हा केवळ परिभाषेचा सैलपणा नाही. त्यात व्यवस्थेने केलेली कृती व्यक्तीची मनःस्थिती होऊन बसते आणि करणारे नामानिराळे राहतात. उत्तरपत्रिकेत 'एकाकीपणा' दिसला की आपण समासात एवढाच प्रश्न लिहावा : वेगळे कोणी केले?