मजुरीवर बोली नको

कामगारदिनी, १ मे २०२५ला, बेंगळुरू महानगरपालिकेच्या १२,६९२ पौरकार्मिकांना, म्हणजे सफाई कामगारांना, कायम नेमणुकीची पत्रे मिळाली. त्यामागे अनेक वर्षांचा लढा होता. २०१७मध्ये रस्ते झाडणाऱ्यांच्या बाबतीत मधला कंत्राटदार हटला आणि पालिका पगार थेट देऊ लागली. तरी कायम होण्यासाठी जुलै २०२२मध्ये राज्यभर काम बंद ठेवावे लागले. तेव्हा कुठे सरकारने मागणी मान्य केली.

त्याच शहरातल्या सरकारी इमारतींचे काय? कार्यालयांचे जिने, रुग्णालयांचे वॉर्ड, कोर्टातली स्वच्छतागृहे यांची झाडलोट बहुतेक ठिकाणी आजही निविदेवर चालते. रस्ता झाडणारी बाई पालिकेची कर्मचारी झाली, पण आत फरशी पुसणारी बाई मात्र दर दोन-तीन वर्षांनी बदलणाऱ्या एजन्सीच्या हजेरीपटावरचे एक नाव आहे. या मासिकाचे बरेच वाचक अशा निविदांचे मसुदे लिहितात, दर तपासतात, बिलांवर सह्या करतात. हे संपादकीय त्यांच्यासाठी आहे.

इमारतींच्या सफाईला एकेकाळी कायद्याचे संरक्षण होते. ९ डिसेंबर १९७६च्या अधिसूचनेने केंद्राच्या अखत्यारीतल्या आस्थापनांच्या इमारतींत झाडणे, पुसणे, धूळ झटकणे आणि पहारा यांसाठी कंत्राटी कामगार लावायला बंदी घातली. मुंबईतल्या एअर इंडियाच्या सफाई कामगारांचा खटला याच अधिसूचनेवर लढला गेला आणि १९९६मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांना सामावून घ्यायला सांगितले. पाचच वर्षांनी, ३० ऑगस्ट २००१ला, स्टील अथॉरिटीच्या खटल्यात पाच न्यायमूर्तींच्या पीठाने तो निर्णय फिरवला आणि अधिसूचनाही रद्द केली. २१ नोव्हेंबर २०२५पासून लागू झालेल्या कामगार संहितेने तर झाडलोट आणि सफाई हे आस्थापनेचे मुख्य काम नाही असे स्पष्टच लिहिले आहे. कंत्राटी कामगारांवरची बंदी मुख्य कामापुरतीच असल्याने कंत्राट राहणार. ते कसे द्यायचे, एवढेच आता निविदा काढणाऱ्याच्या हातात आहे.

इथे हिशेब कागदावर मांडून पाहावा. समजा, एका कामगाराची मासिक किमान मजुरी १५,००० रुपये आहे. मालकाचा भविष्यनिर्वाह निधी (पीएफ) आणि त्यासोबतचे आकार धरून १३ टक्के, म्हणजे १,९५० रुपये. कर्मचारी राज्य विमा (ईएसआय) ३.२५ टक्के, म्हणजे ४८७ रुपये ५० पैसे. बोनस ८.३३ टक्के, १,२४९ रुपये ५० पैसे. एकूण १८,६८७ रुपये. यातला एक पैसाही कंत्राटदाराला कायद्याने कमी करता येत नाही. मग सर्वांत कमी दराची स्पर्धा नेमकी कशावर होते? कागदावर तीस माणसे दाखवून बावीस आणण्यावर, आठ तासांचे काम दहा तास करून घेण्यावर, पीएफचे चलन थकवण्यावर आणि फिनेलमध्ये पाणी घालण्यावर.

अधिकाऱ्यांना हे कळत नव्हते असे नाही. जानेवारी २०१४मध्ये केंद्रीय अर्थ मंत्रालयाने कंत्राटदाराचे सेवाशुल्क शून्य लिहिणारी बोली ग्राह्य धरू नये असे सांगितले. त्यावर बोलीदारांनी ०.०१ टक्का लिहायला सुरुवात केली. वरच्या हिशेबात हा दर माणशी महिन्याला दोन रुपयांच्याही आत येतो. दोन रुपयांत कोणी पर्यवेक्षक, गणवेश आणि हजेरीचे यंत्र देत असेल, तर पैसा दुसरीकडून निघतो आहे हे उघड आहे. अखेर जानेवारी २०२३मध्ये मनुष्यबळाच्या कंत्राटांत सेवाशुल्काची किमान पातळी ३.८५ टक्के ठरली. पण मग सरकारी खरेदीच्या जेम पोर्टलवर बहुतेक सगळेच ३.८५ लिहू लागले आणि बरोबरीत आलेल्यांतून संगणक सोडतीसारखी निवड करू लागला. चोरीची वाट थोडी अरुंद झाली, पण चांगले काम करणाऱ्याला निवडण्याची सोय त्यातही नाही.

ऑक्टोबर २०२१च्या केंद्रीय सूचनांनी अशा सेवांत गुणवत्तेला ३० टक्क्यांपर्यंत वजन द्यायची मुभा दिली आहे. ती झाडलोटीसाठीही वापरावी, निदान रुग्णालयांत तरी. ब्रिटनमध्ये १९८३पासून सरकारी रुग्णालयांची सफाई निविदेवर देणे सुरू झाले. २०१०–१४ या काळातल्या १२६ रुग्णालय-संस्थांच्या आकडेवारीत, बाहेरून सफाई करून घेणाऱ्या संस्थांत औषधांना न जुमानणाऱ्या एमआरएसए जंतूचा संसर्ग एक लाख खाट-दिवसांमागे २.२८ आढळला. स्वतःचे सफाई कर्मचारी असलेल्यांत तो १.४६ होता. बाहेरच्या सफाईचा खर्च मात्र कमी होता. या बचतीला बचत म्हणायचे का, हे वॉर्डातल्या रुग्णाला विचारावे.

मराठी-कन्नड सीमेवरच्या बीदर जिल्ह्याने वेगळी वाट धरली. तिथे खासगी एजन्सीऐवजी सहकारी संस्थेमार्फत सरकारी कार्यालयांना माणसे पुरवली जातात, आणि कर्नाटकाच्या कामगार खात्याने हा नमुना इतर जिल्ह्यांपुढे ठेवला आहे. महाराष्ट्रातल्या अधिकाऱ्यांनी तो जाऊन पाहावा. अर्थात संस्था सहकारी असली तरी तिचा मस्टर तपासावाच लागेल.

नव्या वर्षाच्या निविदांत काही बदल तर आजच्या नियमांतही करता येतात. मजुरी आणि वैधानिक देणी बोलीतून बाहेर काढून निश्चित रक्कम म्हणून छापावीत; बोली फक्त सेवाशुल्क, साहित्य आणि यंत्रे यांवर घ्यावी. माणसांची संख्या मोघम न लिहिता मजल्याचे क्षेत्रफळ, स्वच्छतागृहांची संख्या आणि दिवसातून किती वेळा सफाई हवी यावरून ती काढावी. बिलासोबत पीएफचे नावनिशीवार चलन आणि बँकेत मजुरी जमा झाल्याचा पुरावा असल्याशिवाय सही करू नये. कंत्राटदाराने मजुरी बुडवली तर ती भरण्याची जबाबदारी मूळ मालकाची, म्हणजे खात्याची, असते. नव्या संहितेतही ती कायम आहे. आणि एजन्सी बदलली तरी कामावरची माणसे तीच राहतील, त्यांचा पीएफ क्रमांक आणि सेवेचा काळ पुढे चालू राहील, असे कलम मसुद्यात घालावे.