कोराडीचं कूलिंग ‘बंद’ फेऱ्याचं, मग रोज कोट्यवधी लिटर पाणी जातं कुठं?

नागपूर : कोराडीत 660 मेगावॅटचे आणखी दोन संच उभारायच्या प्रस्तावावर 2023 च्या मे महिन्यात जनसुनावणी झाली. धूर आणि राख यावर बोलणं झालं, ते व्हायलाच पाहिजे होतं. पण पारशिवनी, रामटेक, मौद्याच्या धानवाल्या शेतकऱ्याला त्याहून जवळचा प्रश्न पाण्याचा आहे. पेंचच्या त्याच पाण्यावर नागपूर शहर, वीज केंद्रं आणि आपला पाट, तिघंही अवलंबून आहेत.

वीज केंद्राचं कूलिंग बंद फेऱ्याचं आहे, तेच पाणी पुन्हा पुन्हा फिरतं, असं सांगितलं जातं. ते खरंच आहे. मग रोज नवं पाणी कशाला लागतं?

हे समजायला इंजिनाकडे बघा. विहिरीवरच्या जुन्या डिझेल इंजिनाला पंपाचंच थोडं पाणी एका नळीनं जाकिटात जातं, गरम होतं आणि दुसरीकडून दांडात पडतं. हे उघडं कूलिंग. पाणी जड असेल तर दोन-चार वर्षांत जाकिटात खार बसतो आणि इंजिन तापायला लागतं. समुद्रातल्या बोटीला हाच त्रास जास्त. खारं पाणी थेट इंजिनात फिरवलं तर मीठ साचतं, लोखंड गंजतं. म्हणून बोटीचं इंजिन बंद कूलिंगवर नेतात. आत गोडं पाणी आणि कूलंट कायमचं फिरतं, बाहेरून नळ्यांच्या पेटीवर समुद्राचं पाणी जातं आणि आतली उष्णता घेऊन परत समुद्रात पडतं. आतलं पाणी खर्चच होत नाही. ट्रॅक्टरचा रेडिएटरही तसाच, फक्त तिथं समुद्राच्या जागी पंख्याची हवा.

कोराडीजवळ समुद्र नाही. संचातली उष्णता घेऊन आलेलं पाणी त्या उंच कूलिंग टॉवरमध्ये वरून शिंपडतात. त्यातलं थोडं वाफ होऊन उडतं, म्हणूनच बाकीचं थंड होतं. टॉवरच्या तोंडाशी पांढरे ढग दिसतात, ते हेच पाणी. वर वाफ गेली की क्षार मागं राहतात, ते वाढू नयेत म्हणून थोडं पाणी सोडूनही द्यावं लागतं. म्हणजे फेरा बंद असला तरी वरून उघडाच आहे.

तरी उघड्या पद्धतीपेक्षा हे कितीतरी बरं. उघड्या कूलिंगमध्ये एका युनिट विजेमागे शंभराहून जास्त लिटर पाणी उचलावं लागतं, भलेही त्यातलं बहुतेक गरम होऊन नदीत परत जातं. केंद्र सरकारनं डिसेंबर 2015 मध्ये नियम काढला : उघड्या कूलिंगच्या केंद्रांनी टॉवर बसवावेत आणि जुन्या केंद्रांनी एका युनिटमागे साडेतीन लिटरच्या वर जाऊ नये. 2017 नंतरच्या नव्या संचांसाठी ही मर्यादा पुढं 3 लिटर ठरली. समुद्राचं पाणी वापरणाऱ्या केंद्रांना सूट मिळाली. त्यांच्या पाण्यावर कोणाचं धान उभं नसतं, तेव्हा ते समजण्यासारखं आहे.

साडेतीन लिटर ऐकायला काहीच नाही. पण 660 मेगावॅटचा एक संच पूर्ण चालला तर तासाला 6.6 लाख युनिट वीज होते. म्हणजे तासाला 23 लाख लिटर, दिवसाला साडेपाच कोटी. कोराडीत असे तीन संच आहेत. नवे दोन आले तर 3 लिटरच्या मर्यादेतही दिवसाला आणखी साडेनऊ कोटी लिटर.

इथं नागपूरनं एक चांगलं काम केलं आहे, ते मान्य करावं लागेल. महापालिका आणि महानिर्मितीचा 2008 साली करार झाला आणि भांडेवाडीत शुद्ध केलेलं शहराचं सांडपाणी वीज केंद्राला जाऊ लागलं. 130 दशलक्ष लिटरचा, म्हणजे रोज 13 कोटी लिटरचा तो प्रकल्प. पुढं 2016 च्या केंद्रीय वीजदर धोरणात 50 किलोमीटरच्या आतल्या केंद्रांना सांडपाणी वापरणं बंधनकारक झालं. हे पाणी वापरणं सोपं नाही, त्यातल्या क्षारांनी नळ्यांत तोच खार बसतो जो आपल्या इंजिनात बसतो. पण वापरलं तर नाग नदीतून कन्हान, वैनगंगा आणि गोसीखुर्दपर्यंत जाणारी घाण तेवढी कमी होते. नाग नदीकाठी त्याच पाण्यावर भाजीपाला घेणाऱ्यांचं काय, हा वेगळा आणि अवघड विषय आहे.

आता मुद्दा. रोज 13 कोटी लिटर म्हणजे वर्षाला 47 दलघमीच्या वर. हेक्टरी पाच-सहा हजार घनमीटर धरलं तर आठ ते साडेनऊ हजार हेक्टरचं ओलित. सांडपाण्यानं वीज केंद्राची तेवढी तहान भागली, तर तेवढं पेंचचं पाणी सुटलं पाहिजे. ते पाटाला आलं, शहराला गेलं, की कागदावरचं आरक्षण तसंच राहिलं? वरच्या बाजूला मध्य प्रदेशात चौराई धरण झाल्यापासून तोतलाडोहात येणारं पाणी घटलं आहे. 2019 च्या जुलैत नागपूर शहरालाच एक दिवसाआड पाणी घ्यावं लागलं, तिथं पाटाचा नंबर शेवटी लागतो.

नव्या संचांना सांडपाणीच देऊ, असं सांगितलं तरी खरा प्रश्न मे महिन्याचा आहे. त्याच महिन्यात विजेची मागणी वाढते, टॉवरमधली वाफ वाढते आणि धरण खाली जातं. सांडपाणी कमी पडलं तर फरक कुठून भरणार, हे करारात लिहिलेलं असलं पाहिजे.

ट्रॅक्टरसारखं हवेवर थंड होणारं केंद्रही बांधता येतं. पाणी खूपच वाचतं, पण खर्च वाढतो आणि आपल्या 45 अंशांच्या उन्हात वीज कमी निघते.

रब्बीच्या आधी कालवा सल्लागार समितीची बैठक होते. पाणीवापर संस्थांनी तिथं तीन आकडे मागावेत : वीज केंद्रांसाठी पेंचमधून आरक्षण किती, गेल्या वर्षी प्रत्यक्ष उचल किती आणि भांडेवाडीतून पोहोचलेलं पाणी किती. आकडे बैठकीत मिळाले नाहीत तर माहिती अधिकाराचा अर्ज जलसंपदा विभागाकडे करता येतो, फी 10 रुपये.