जौहर, अणू आणि ॲटम

मी विज्ञान शिकवत नाही. मी भाषा शिकवते, उर्दू आणि मराठी. तरीही आज अणूवर लिहिते आहे.

आमच्या उर्दू शाळेतून दहावी करून अकरावी सायन्सला गेलेली एक मुलगी वही घेऊन घरी आली. "बाजी, मेरे से नहीं होता. आर्ट्स ले लेती मैं." वहीत अणूच्या रचनेवर पानभर इंग्रजी उतारा होता. मी विचारलं, न्यूक्लिअस म्हणजे काय? ती गप्प. मग विचारलं, मर्कझा म्हणजे काय? लगेच उत्तर आलं: जौहरच्या मधोमध असतो, त्यात प्रोटॉन आणि न्यूट्रॉन असतात, इलेक्ट्रॉन बाहेर.

म्हणजे धडा तिला येत होता. फक्त त्याची नवी नावं तिला कोणी सांगितली नव्हती.

हा गुंता मोठ्यांनाही दमवेल असा आहे. मराठीतला अणू उर्दूत जौहर होतो, रेणू सालमा, मूलद्रव्य उन्सुर, संयुग मुरक्कब. त्यात हिंदीची भर. मराठीत अणू म्हणजे ॲटम, पण हिंदीत ‘अणु’ म्हणजे मॉलिक्यूल, आणि ॲटमला तिथे परमाणु म्हणतात. आमची मुलं उर्दू पुस्तक वाचतात, मोबाईलवर हिंदी व्हिडिओ बघतात, शेजारच्या मैत्रिणीची मराठी गाइड चाळतात आणि अकरावीत इंग्रजीत जाऊन पडतात. एकाच शब्दाचे दोन अर्थ समोर आले की मूल समजतं, आपलीच अक्कल कमी.

यावर आपल्याकडे दोन ठरलेली मतं ऐकू येतात. एक म्हणतं, उर्दू माध्यमच बंद करा. दुसरं म्हणतं, उर्दू पुस्तकात इंग्रजी शब्द घुसवू नका, जबान बिघडते. मला दोन्ही पटत नाहीत. बगदाद आणि बसऱ्याच्या इल्मे-कलामवाल्यांनी ‘जौहर’ हा शब्द ज्याचे आणखी तुकडे होत नाहीत अशा कणासाठी वापरला होता. आज आपण तोच शब्द प्रोटॉन, न्यूट्रॉन, इलेक्ट्रॉन असलेल्या अणूसाठी वापरतो. ‘ॲटम’चंही तेच. ग्रीकमध्ये त्याचा अर्थ ‘न कापता येणारा’. १८९७ साली जे. जे. थॉमसन यांनी इलेक्ट्रॉन शोधला आणि तो अर्थ उरला नाही, शब्द मात्र राहिला. ज्ञान पुढे गेलं, शब्दांनी नवा अर्थ घेतला, जबान काही बिघडली नाही.

पण त्या मुलीला मी आणखी एक प्रश्न विचारला: मर्कझा असतो हे कळलं कसं? डोळ्यांना तर दिसत नाही. याचं उत्तर तिच्याकडे उर्दूतही नव्हतं. मला जास्त वाईट याचं वाटलं.

उत्तर अवघड नाही. रदरफोर्ड यांच्या प्रयोगशाळेत गायगर आणि मार्सडेन यांनी १९०९ साली सोन्याच्या अतिशय पातळ पत्र्यावर धनप्रभारित अल्फा कण सोडले. बहुतेक कण सरळ आरपार गेले. हजारोंत एखादा मात्र उलटा फिरून मागे आला. बहुतेक आरपार जातात, म्हणजे अणू आतून जवळपास रिकामा आहे. एखादा मागे फिरतो, म्हणजे मध्ये काहीतरी इवलंसं, जड आणि धनप्रभारित आहे. रदरफोर्ड यांनी १९११ साली हे मांडलं. सोन्याचा अणू त्याच्या केंद्रकाच्या वीस हजार पटींच्या आसपास मोठा असतो. मी तिला म्हटलं, ईदगाहच्या मैदानात मधोमध ज्वारीचा एक दाणा ठेव. तो मर्कझा. आता शंभरएक पावलं रुंद सगळं मैदान म्हणजे जौहर.

ती हसली. मग त्याच वहीत आम्ही चार रकाने आखले: उर्दू, मराठी, हिंदी, इंग्रजी. जौहर, अणू, परमाणु, ॲटम. सालमा, रेणू, अणु, मॉलिक्यूल. मर्कझा, केंद्रक, नाभिक, न्यूक्लिअस. अर्ध्या तासात पान भरलं.

माझं म्हणणं इतकंच आहे. आठवीत अणूचा धडा पहिल्यांदा नीट येतो, तेव्हापासूनच हे रकाने फळ्यावर यावेत. त्यासाठी सरकारी आदेशाची गरज नाही, खडू पुरे. आणि हे काम फक्त विज्ञानाच्या शिक्षकांचं नाही, आम्हा भाषावाल्यांचंही आहे. मी इतकी वर्षं समानार्थी शब्द शिकवले, पण त्यात जौहर-अणू ही जोडी कधी घेतली नाही. ही चूक माझी.

त्याचबरोबर नावाच्या आधी गोष्ट सांगावी: कोणी काय करून पाहिलं आणि त्यावरून काय ठरवलं. ती गोष्ट मनात बसली की नाव कोणत्याही भाषेत आलं तरी मूल ओळखतं.

ती मुलगी अजून सायन्सलाच आहे. परवा तिने विचारलं, "बाजी, मर्कझे में सब प्रोटॉन प्लसवाले, तो एक-दूसरे को ढकलते क्यों नहीं?" मी म्हटलं, ढकलतात, पण त्याहून जोरदार बल त्यांना धरून ठेवतं. पुढचं मलाही सांगता आलं नाही. तिला कॉलेजच्या सरांकडे पाठवलं आहे.