दात तुमचे, हप्ते तुमचे, डॉक्टर कोणाचा?

इन्स्टाग्रामवर एकदा ‘अलाइनर’ सर्च करून बघा. पुढचे आठ दिवस फीडवर नुसते दातच दिसतील. आधीचा फोटो, नंतरचा फोटो, ‘तारा न लावता परफेक्ट स्माइल’, ‘घरबसल्या फ्री स्कॅन’ आणि खाली बारीक अक्षरात महिन्याचा हप्ता. शाळेत असताना राहून गेलेलं दात सरळ करण्याचं काम प्लेसमेंटच्या आधी उरकून टाकू, असं तुमच्यापैकी अनेकांना वाटत असेल. वाटण्यात चूक काहीच नाही. फक्त पहिला हप्ता भरण्याआधी अमेरिकेत काय झालं ते वाचा.

स्माइलडायरेक्टक्लब ही कंपनी २०१४ मध्ये सुरू झाली. ग्राहकाने घरीच दातांचा साचा घ्यायचा किंवा कंपनीच्या दुकानात स्कॅन करायचा. पारदर्शक अलाइनर कुरिअरने घरपोच. डॉक्टरची देखरेख होती, पण ऑनलाइन. २०१९ मध्ये कंपनी शेअर बाजारात उतरली. सप्टेंबर २०२३ मध्ये तिने दिवाळखोरीचा अर्ज केला आणि डिसेंबरमध्ये कामच बंद केलं. ज्यांची ट्रीटमेंट अर्धवट होती त्यांना जवळच्या डेंटिस्टकडे जायला सांगितलं. ‘आयुष्यभराची’ गॅरंटी संपली. हप्ते मात्र भरत राहा, असं कळवलं! स्पेनमध्येही २०१८ मध्ये आयडेंटल ही दवाखान्यांची साखळी बंद पडली. हजारो पेशंटच्या तोंडात अर्धवट काम राहिलं आणि अनेकांच्या डोक्यावर कर्ज.

हे मॉडेल आलं कुठून? पारदर्शक अलाइनर लोकप्रिय केले ते १९९७ मध्ये स्थापन झालेल्या अलाइन टेक्नॉलॉजी या कंपनीने. तिच्या सुरुवातीच्या महत्त्वाच्या पेटंटची मुदत २०१७ पासून संपू लागली. थ्रीडी प्रिंटिंगही आवाक्यात आलं. अलाइनर बनवणं सोपं झालं, त्यामुळे नव्या कंपन्या आल्या, जाहिराती आल्या आणि ईएमआयही आला. दात सरकवणं मात्र पूर्वीइतकंच नाजूक राहिलं.

कारण दात हाडात बसलेला असतो. त्यावर हलका, सतत दाब दिला की एका बाजूचं हाड झिजतं, दुसऱ्या बाजूला नवं तयार होतं आणि दात सरकतो. महिन्याला साधारण एक मिलिमीटर. तार असो वा अलाइनर, हिशोब हाच. हिरड्यांचा आजार असताना हा दाब दिला तर दात आणखी सैल होऊ शकतात. दातांची मुळं आखूड होण्याचाही धोका असतो. शिवाय आपल्या वयात जबड्याची वाढ जवळपास थांबलेली असते. जबडाच पुढे-मागे असेल तर नुसत्या अलाइनरने भागत नाही; काहींना सर्जरीही लागते. हे सगळं आधी एक्स-रे काढून आणि हिरड्या तपासूनच कळतं. सेल्फीवरून नाही.

मग विश्वास ठेवायचा कोणावर? पाटीवरची अक्षरं नीट वाचा. बीडीएस म्हणजे इंटर्नशिपसह पाच वर्षांची पदवी. ऑर्थोडॉन्टिस्ट म्हणजे त्यानंतर तीन वर्षं याच विषयात एमडीएस केलेला डॉक्टर. सोप्या केसेस अनेक बीडीएस डॉक्टरही करतात. पण केस सोपी आहे की अवघड, हे ठरवायलाच अनुभवी नजर लागते. महाराष्ट्रात प्रॅक्टिस करणाऱ्या डेंटिस्टची नोंद राज्य दंत परिषदेकडे असते. नोंदणी क्रमांक विचारायला लाजू नका. रिक्षाचं मीटर बघतोच ना आपण!

गल्लीतला दवाखाना म्हणजे आपोआप भरवशाचा, असंही नाही. आपल्याकडे अनेक दवाखान्यांत ऑर्थोडॉन्टिस्ट ‘व्हिजिटिंग’ असतात, ठरावीक दिवशी येऊन जातात. ही पद्धत वाईट नाही. पण मधल्या दिवसांत तार टोचली तर कोण बघणार आणि ते डॉक्टर यायचे बंद झाले तर केस कोणाकडे जाणार, हे आधीच ठरलेलं हवं.

पैशांचंही तेवढंच महत्त्वाचं. ईएमआय घेता तेव्हा बऱ्याचदा दवाखाना किंवा अलाइनर कंपनी एक आणि कर्ज देणारी संस्था दुसरीच असते. दवाखान्याला कुलूप लागलं म्हणून कर्ज आपोआप माफ होत नाही. रिझर्व्ह बँकेच्या डिजिटल कर्जाच्या नियमांनुसार कर्जाचा एकूण वार्षिक खर्च दाखवणारं माहितीपत्रक आधी मिळालं पाहिजे आणि कर्जातून बाहेर पडायला मुदतही मिळाली पाहिजे. ते पत्रक मागा. शक्य असेल तिथे कामाच्या टप्प्यानुसार पैसे देण्याचं बोला.

बजेट कमी आहे? मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर इथे शासकीय दंत महाविद्यालयं आहेत, मुंबई महापालिकेचं नायर रुग्णालय दंत महाविद्यालय आहे. तिथे एमडीएसचे विद्यार्थी प्राध्यापकांच्या देखरेखीखाली उपचार करतात. खर्च बराच कमी, पण चकरा आणि वाट बघणं जास्त. वेळ असेल तर हा पर्याय नक्की विचारात घ्या.

खुर्चीत बसण्याआधी विचारायचे प्रश्न:

• माझी केस नक्की कोण बघणार? त्यांचं शिक्षण आणि नोंदणी क्रमांक काय?
• एक्स-रे आणि हिरड्यांची तपासणी केल्यावरच प्लॅन देणार ना?
• दात काढावे लागतील का? दातांच्या मधून घासावं लागेल का?
• एकूण खर्चात काय धरलंय? रिटेनर आणि जादा अलाइनर त्यात आहेत का?
• मधेच शहर सोडलं तर पैशांचं काय आणि फाइल मिळेल का?

शेवटचा प्रश्न आपल्यासाठी सगळ्यात मोठा आहे. ट्रीटमेंटला दीड-दोन वर्षं सहज लागतात. थर्ड इयरला सुरू केलीत तर ती संपेपर्यंत तुम्ही कदाचित बेंगळुरूत नोकरी करत असाल. म्हणून सुरुवातीचे फोटो, एक्स-रे, स्कॅन आणि लेखी प्लॅन यांची कॉपी पहिल्या महिन्यातच स्वतःकडे घेऊन ठेवा. नवा डॉक्टर त्यावरूनच पुढे जाऊ शकतो.

आणि रील बघून भुलण्याआधी हेही माहीत असू द्या: आरोग्याबद्दल सल्ला देणाऱ्या इन्फ्लुएन्सरनी आपली पात्रता आणि पैसे घेऊन केलेली जाहिरात उघड सांगायला हवी, असं केंद्र सरकारच्या २०२३ च्या मार्गदर्शक सूचना सांगतात. फसवणूक झालीच तर गप्प बसू नका. पैसे घेऊन दिलेली वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्याखाली येते, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्येच स्पष्ट केलंय. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५. मोजलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर जिल्हा ग्राहक आयोगात तक्रारीला शुल्कही लागत नाही. तिथे लागतात कागद: पावती, प्लॅन, कर्जाचं पत्रक आणि व्हॉट्सॲपवरची आश्वासनं. आज दवाखान्यात जाणार असाल, तर ते जपायला आजपासूनच सुरुवात करा.