अधांतरी अंगण

खेड्यातील घराला अंगण असते. शहरातील मजल्यामजल्यांच्या इमारतींना ते कोठून असणार? परंतु माणसाला अंगणावाचून करमत नाही. म्हणून शहराने त्याला एक अधांतरी अंगण दिले. त्यालाच कोणी सज्जा म्हणतात, कोणी गॅलरी, तर कोणी बाल्कनी.

मुंबईतील गिरगावच्या जुन्या चाळी पाहा. प्रत्येक मजल्यावर खोल्यांची रांग आणि त्या साऱ्यांसमोरून जाणारी एकच लांब गॅलरी. खोली ज्याची त्याची. गॅलरी मात्र सर्वांची. तरीही कठड्याकडे नुसती नजर टाकली, तरी बिऱ्हाडांची ओळख पटते. एके ठिकाणी तेलाच्या जुन्या डब्यात तुळस आणि गवती चहा वाढत असतो. तेथील माणसांचे गाव सुटले, पण मातीची ओढ सुटलेली नाही. पलीकडे दोरीवर चिमुकली झबली वाळत असतात. त्या घरात तान्हे मूल आहे. कोठे चटईवर कुरडया, तर कोठे वृत्तपत्र वाचणारे आजोबा!

या गॅलरीने माणसे एकमेकांशी जोडली. गिरगावातील केशवजी नाईकांच्या चाळीत १८९३ साली सार्वजनिक गणेशोत्सव सुरू झाला. पुढे अनेक चाळींच्या उत्सवांत गॅलऱ्याच प्रेक्षागृह बनल्या. एखाद्याचे दार सकाळी उशिरापर्यंत उघडले नाही, तर येताजाता शेजारी हाक मारीत. ही विचारपूस गॅलरीमुळेच सहज घडे.

आता अनेक चाळींच्या जागी उंच इमारती उभ्या राहिल्या आहेत. घरे लहान, म्हणून पुष्कळ लोक बाल्कनीला काचा लावून ती खोलीत मिळवून घेतात. त्यांना दोष कसा द्यावा? मुलाच्या अभ्यासासाठी चार हात जागा कोणाला नको असते? मात्र, मिळालेली जागा मोजता येते. गमावलेला शेजार मोजता येत नाही. करोनाच्या साथीत, २२ मार्च २०२० रोजी सायंकाळी पाच वाजता, देशभर लोक सज्जांत व खिडक्यांत उभे राहिले आणि रुग्णसेवा करणाऱ्यांसाठी त्यांनी टाळ्या व थाळ्या वाजवल्या. घराबाहेर पडता येत नसतानाही माणसे एकमेकांना दिसली, ती या उघड्या जागेतूनच.

म्हणून माझे मत असे, की सज्जा सर्वस्वी बंद करू नये. त्याचा एक कोपरा तरी उघडा ठेवावा. मुलांनो, तेथून खाली केर टाकू नका, कुंडीचे पाणी खालच्या बिऱ्हाडावर सांडू देऊ नका. तेथे एखादे रोप लावा आणि समोरच्या सज्जात कोणी दिसले, तर आपण होऊन हात हलवा.