संरक्षण खात्याचे कंत्राट : आडवे येते ते नाव की कागद?

पनवेल, तळोजे, कळंबोली या पट्ट्यात संगणकाची विक्री-दुरुस्ती करणारे, केबल टाकणारे, सीसीटीव्ही बसविणारे, यूपीएस-बॅटरीची कामे करणारे आपले अनेक बांधव आहेत. हातात कसब आहे, गिऱ्हाईक बांधलेले आहे. परंतु सरकारी टेंडरचा विषय निघाला, आणि त्यातही संरक्षण खात्याचे नाव आले, की एकच उत्तर ऐकू येते : "आपल्याला कोण विचारतो? नाव वाचूनच फाइल बाजूला ठेवतील." या समजुतीचा एकदा हिशेब मांडण्याची वेळ आली आहे.

प्रथम आजूबाजूला पाहा. तळोजा एमआयडीसीत भारत इलेक्ट्रॉनिक्सचा कारखाना आहे. न्हाव्याला माझगाव डॉकचे यार्ड, उरणजवळ करंजा येथे नौदलाचा शस्त्रसाठा डेपो, अंबरनाथला ऑर्डनन्स फॅक्टरी आणि खाडीपलीकडे मुंबईची नौदल गोदी. या प्रत्येक ठिकाणी तोफा-जहाजांबरोबर संगणक, प्रिंटर, नेटवर्क आणि कॅमेरेही आहेत. ते बिघडतात आणि कोणीतरी ते दुरुस्त करतो. तो कोणीतरी पनवेलचा का नसावा?

मोठी कामे मोठ्या कंपन्यांना जातात हे खरे. तिन्ही सेनादलांना जोडणारे डिफेन्स कम्युनिकेशन नेटवर्क २०१६ साली सुरू झाले. सुमारे ६०० कोटींचे ते काम एचसीएल इन्फोसिस्टिम्सकडे होते. अशा कामाला एकटा दुकानदार हात घालू शकत नाही. पण अशा मोठ्या कंत्राटांच्या खाली वार्षिक देखभालीची, म्हणजे बाजारात ज्याला एएमसी म्हणतात ती, लहान लहान कंत्राटे असतात. २०१६ साली सुरू झालेल्या सरकारच्या 'जेम' या ऑनलाइन बाजारावर ती निघतात. मोठ्या कंत्राटाकडे जाणारी पायरी तीच आहे.

आता कायदा काय देतो ते पाहू. सूक्ष्म व लघु उद्योगांसाठी २०१२ साली केंद्राने खरेदीचे धोरण लागू केले. केंद्राच्या मंत्रालयांनी आणि सरकारी कंपन्यांनी वर्षाच्या खरेदीपैकी २५ टक्के खरेदी अशा उद्योगांकडून करावी, असे त्यात आहे. पूर्वी हा आकडा २० टक्के होता, २०१८ साली तो वाढविण्यात आला. बयाणा रक्कम माफ आहे. सर्वांत कमी भाव मोठ्या कंपनीचा असेल आणि आपला भाव त्याच्या १५ टक्क्यांच्या आत असेल, तर त्याच भावात कामाचा काही हिस्सा घेण्याची संधी मिळते. अनुभव आणि उलाढालीच्या अटीही खरेदीदार शिथिल करू शकतो.

मात्र येथेच आपले व्यापारी अडकतात. या सवलती माल बनविणाऱ्याला आणि सेवा देणाऱ्याला आहेत, नुसती खरेदी-विक्री करणाऱ्याला नाहीत. २०२१ साली किरकोळ व घाऊक व्यापाऱ्यांना उद्यम नोंदणी खुली झाली खरी, परंतु ती बँकेच्या प्राधान्य कर्जापुरती. आपल्या दुकानात दिवसभर दुरुस्ती चालते, चार पोरे सोल्डरिंग करीत असतात, आणि नोंदणीत मात्र 'व्यापार' लिहिलेले असते! मग सवलत नाकारली गेली की दोष नावाला दिला जातो. आपण जे काम खरोखर करतो, ते दुरुस्ती-देखभालीचे काम नोंदणीत असलेच पाहिजे.

टेंडर दोन टप्प्यांत उघडते : आधी कागद, मग भाव. जीएसटीची विवरणपत्रे भरलेली नाहीत, बिल कच्चे, केलेल्या कामाचे प्रमाणपत्र घेतलेले नाही, कामगारांचा भविष्य निर्वाह निधी भरलेला नाही, अशी पेढी पहिल्याच टप्प्यात बाद होते. तेव्हा तिचा भाव कोणी पाहिलेलाही नसतो. कुरआन शरीफने उधारीचा व्यवहार लिहून ठेवण्याचा हुकूम दिला आहे. ज्या उम्मतला हा हुकूम मिळाला, तिच्याच दुकानात तोंडी व्यवहार चालावा, ही खेदाची गोष्ट आहे.

याचा अर्थ भेदभाव कोठेच होत नाही असे नव्हे. पण तो सिद्ध करायचा तरी कागद पुरे लागतात. 'जेम'वर निविदा बाद झाली तर कारण दिसते आणि ठरलेल्या मुदतीत त्यावर हरकत घेता येते. अमेरिकेच्या संरक्षण खात्याचे १० अब्ज डॉलरचे क्लाउडचे कंत्राट २०१९ साली मायक्रोसॉफ्टला मिळाले, तेव्हा अॅमेझॉन कोर्टात गेली. २०२१ साली ते कंत्राटच रद्द झाले आणि २०२२ च्या डिसेंबरात नवे काम चार कंपन्यांत वाटले गेले. त्यात अॅमेझॉनही होती. एवढी मोठी कंपनी कारण विचारते, आणि आपण न विचारताच घरी बसतो.

दुसरा धोका आपलाच आहे : भाव पाडण्याचा. समजा ३०० संगणकांची वर्षाची देखभाल आहे आणि एक कारागीर तेथे कायम बसवायचा आहे. यंत्रामागे १२०० रुपये धरले तर ३ लाख ६० हजार होतात. कारागिराला महिना १८ हजार दिले तर २ लाख १६ हजार गेले. उरले १ लाख ४४ हजार, म्हणजे यंत्रामागे ४८० रुपये. त्यातच सुटे भाग, निधी, प्रवास आणि नफा. शेजारच्या दुकानदाराला पाडण्यासाठी कोणी ८०० रुपये भरले, तर उरतात यंत्रामागे वर्षाला ८० रुपये! यात एक कीबोर्डही येत नाही. मग काम अर्धवट सुटते, दंड बसतो, नाव काळ्या यादीत जाते. शिवाय संरक्षणाच्या ठिकाणी बिघडलेली हार्ड डिस्क बहुधा बाहेर नेऊ देत नाहीत, त्यामुळे ती वॉरंटीत बदलून मिळत नाही. हा खर्च भाव भरतानाच धरावा लागतो.

म्हणून एकमेकांना पाडण्यापेक्षा शिरकत करावी. एकाकडे नेटवर्कचे काम, दुसऱ्याकडे प्रिंटर, तिसऱ्याकडे यूपीएस, चौथ्याकडे भांडवल; चौघांची एक नोंदणीकृत पेढी किंवा एलएलपी झाली, तर अनुभव आणि उलाढाल एकाच नावावर साठू लागते. हजरत खदीजा (रजि.) यांचे भांडवल आणि हुजूर (स.) यांची मेहनत व अमानत, हा व्यापाराचा नमुना आपल्यासमोर आहेच. बयाणा माफ असला तरी काम मिळाल्यावर सहसा ३ ते ५ टक्के हमी ठेवावी लागते. १० लाखांच्या कामाला ती ३० ते ५० हजार होते. चौघांनी मिळून ती रोख उभी केली तर व्याजाच्या कर्जाला हात लावावा लागत नाही.

पैसे उशिरा येतात ही तक्रार रास्त आहे. २००६ च्या कायद्याने नोंदणीकृत सूक्ष्म व लघु उद्योगाचे पैसे जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यावे लागतात. न दिल्यास राज्याच्या सुविधा परिषदेकडे ऑनलाइन अर्ज करता येतो. कायदा थकबाकीवर व्याजही देतो. ते घ्यावे की नाही हे उलेमांना विचारावे. पण मुद्दल मागणे हा आपला हक्क आहे. पोटकंत्राटात मोठ्या कंपनीलाही हाच कायदा लागू आहे. मात्र लेखी वर्क ऑर्डरशिवाय केलेल्या कामाला दाद मागणे कठीण जाते.

राहिला कसबाचा प्रश्न. २०२३ साली संरक्षण मंत्रालयाने आपल्या संगणकांवर विंडोजऐवजी उबुंटूवर आधारलेली 'माया' प्रणाली बसविण्याचे ठरविले. फक्त विंडोज टाकता येणारा कारागीर उद्या तेथे निरुपयोगी ठरेल. न्यू पनवेलमध्ये अंजुमन-इ-इस्लामच्या कालसेकर टेक्निकल कॅम्पसमध्ये इंजिनिअरिंग शिकविले जाते. तेथे शिकलेली मुले आणि बाजारातले जुने कारागीर एका पेढीत आले, तर दोघांचेही भले होईल.

मुंबईच्या गोदीत अठराव्या शतकात सुरतेहून लवजी नसरवानजी वाडिया आले. मूठभर पारशी समाजातले ते सुतार. त्यांच्या घराण्याने इंग्रजांच्या आरमाराला जहाजे बांधून दिली. १८१७ साली मुंबईत पाण्यात उतरलेले 'ट्रिंकोमली' जहाज इंग्लंडमध्ये आजही तरंगते आहे. त्या घराण्याला पिढ्यानपिढ्या काम मिळत गेले, ते त्यांच्या लाकडावर आणि शब्दावर भरवसा होता म्हणून.

आपल्या बांधवांनी या महिन्यात एवढेच करावे : उद्यम नोंदणी काढून पाहावी, तिच्यात सेवेची नोंद आहे की नाही तपासावे, कारागिरांची पोलीस पडताळणी करून ठेवावी आणि 'जेम'वर एक लहान काम भरावे. कागद पुरे असताना निविदा बाद झाली, तर कारण मागा, हरकत घ्या, भांडा. कागद अपुरे ठेवून नशिबाला आणि नावाला बोल लावण्यात मात्र बरकत नाही.