मूत्रपिंडाचा रुग्ण आणि अधिवासाचा दाखला

गुजरातमध्ये मरणोत्तर दानातून मूत्रपिंड मिळावे म्हणून प्रतीक्षायादीत नाव घालायचे, तर अधिवासाचा दाखला मागितला जात असे. नोव्हेंबर 2022 मध्ये गुजरात उच्च न्यायालयाने ही अट रद्द केली. फेब्रुवारी 2023 मध्ये केंद्र सरकारने देशभरासाठी तेच धोरण जाहीर केले: नोंदणी कोणत्याही राज्यात करता येईल, राज्यांनी तिचे शुल्क घेऊ नये, 65 वर्षांची वयोमर्यादाही राहणार नाही. कायद्यातला अडसर निघाला. रुग्णालयाच्या खिडकीवरचा अजून निघायचा आहे.

बडोद्याच्या खंडेराव मार्केटमध्ये भाजी-फुलांचा बाजार आहे. नंदुरबारहून येऊन अशा बाजारात गोणी वाहणाऱ्या हमालाचे उदाहरण घ्यावे. रेशनकार्ड गावी, खोलीचा भाडेकरार नाही. पायांना सूज येते, धाप लागते, तेव्हा कुठे तो दवाखान्यात पोचतो आणि मानेतल्या कॅथेटरवर तातडीने डायलिसिस सुरू होते. डायलिसिससाठी हातातली धमनी आणि शीर जोडून केलेला फिस्टुला तयार व्हायला सहा आठवडे तरी लागतात, आणि त्या हाताने पुढे जड ओझे उचलायचे नसते. आठवड्यातून तीनदा चार-चार तास यंत्रावर गेले की उरलेली रोजंदारीही बुडते. उपचार फुकट मिळाला तरी हे नुकसान त्याच्याच माथी येते, आणि डायलिसिस अर्धवट सुटण्यामागे बहुधा हेच असते.

2016 च्या अर्थसंकल्पात जाहीर झालेल्या राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रमात दारिद्र्यरेषेखालच्या रुग्णांना जिल्हा रुग्णालयांत ही सेवा मोफत आहे. आयुष्मान कार्ड परराज्यातल्या अंगीकृत रुग्णालयातही चालते. म्हणून पत्ता विचारण्याआधी आयुष्मानची पात्रता तपासावी.

होळीला नंदुरबारचे आदिवासी मजूर गावी जातातच. दोन सत्रे चुकली की पोटॅशियम वाढून हृदय बंद पडू शकते. तेव्हा गावाजवळच्या जिल्हा रुग्णालयातली वेळ आधी ठरवून, ड्राय वेट (जादा पाणी काढल्यानंतरचे वजन), हिपॅरिनची मात्रा आणि विषाणू-तपासण्यांचे अहवाल लिहिलेला कागद रुग्णाच्या हातात द्यावा. प्रतीक्षायादीतल्या रुग्णाचा गावाकडचा फोन नंबरही नोंदवलेला हवा. मूत्रपिंड उपलब्ध झाल्यावर प्रत्यारोपणासाठी नडियाद किंवा अहमदाबाद गाठायला हाताशी काही तासच असतात.

जिवंत दात्याच्या बाबतीत गोंधळ अधिक होतो. आई, वडील, भावंडे, पती-पत्नी, मुले, आजी-आजोबा आणि नातवंडे हे कायद्याने जवळचे नातेवाईक. तहसीलदाराच्या वास्तव्य-पडताळणीचा फॉर्म 20 त्यांच्यासाठी नाही. दाता त्यांच्याबाहेरचा आणि दाता किंवा रुग्ण परराज्यातला असेल तरच तो लागतो. तरीही दाता असलेल्या बहिणीला या कागदासाठी तालुक्याला पिटाळले, तर रुग्णाचे आठवडे वाया जातात. नाते सिद्ध करणारे कागद मात्र काटेकोरपणे पाहावेत. गरीब परप्रांतीयाच्या नावावर मूत्रपिंडाचा सौदा होऊ नये, यासाठीच ती तपासणी आहे.

पहिल्या डायलिसिसच्या आठवड्यातच युनिटच्या समाजसेवकाने किंवा प्रत्यारोपण समन्वयकाने पात्रता, नोंदणी आणि कागदपत्रांच्या कामाला लागावे, आणि अधिवासाचा दाखला नाही म्हणून एकाही रुग्णाची नोंदणी अडवू नये.